ओगलेवाडीच्या कारखान्याची गाडी जीआयपीची नव्हती

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यावर पानभर लेख आला, फोटो पण छान होते, वाचून बरं वाटलं, कारण आजकाल ओगलेवाडी म्हटलं की लोकांना फक्त कराडचं स्टेशन आठवतं, आणि ज्यांना कारखान्याचा भोंगा आठवतो ती माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. लेख लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतलीय त्यात वादच नाही. पण मधेच एक वाक्य आलंय की कृष्णाकाठच्या या कारखान्याचा माल जीआयपी रेल्वेनं थेट मुंबईला रवाना होत असे (जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, इंग्रजांच्या काळातली मुंबईची रेल्वे कंपनी). ते वाक्य माझ्या घशात असं अडकलंय की आठवडा झाला तरी खाली जाईना, म्हणून हे पत्र. पत्र लांबलंय, मोबाईलवर एका बोटानं टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या, आणि कापायचं झालं तर कुठूनही कापा पण रेल्वेचं नाव तेवढं कापू नका.

झालं असं की नात सातवीत आहे, तिला शाळेनं आपल्या गावचा उद्योग असा प्रोजेक्ट दिलाय. तिनं तुमच्या लेखातलं ते वाक्य जसंच्या तसं स्केचपेननं चार्टवर उतरवलं, वर लालभडक इंजिन काढलं, धूर काढला, खाली मोठ्या अक्षरात जीआयपी. मी म्हटलं, अगं जीआयपी नाही गं बाळा, ती आपल्याकडं कधी नव्हतीच. तर म्हणते, आबा, पेपरात छापलंय. आता पेपरापुढं आजोबाचं काय चालणार? पुरावा दाखवा म्हणाली. माझी सगळी नोकरी पोस्टात सॉर्टिंगला गेली, पत्ता चुकलेला दिसला की अजून हात शिवशिवतात, म्हटलं दाखवतो की पुरावा, त्यात काय.

वाटलं तितकं सोपं निघालं नाही. आधी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर विषय काढला तर पाच मिनिटांत चार मतं पडली. तात्या म्हणाले जीआयपीच, दुसरी कुठली रेल्वे होती तेव्हा? अण्णा म्हणाले बार्शी लाईट, त्यांच्या आजीनं लहान गाडी बघितलेली. एक जण म्हणाला सेंट्रल, आणि टपरीवाला म्हणाला इंग्रजांची, म्हणजे तोच सगळ्यात बरोबर. एका ऑफिसात पण जाऊन आलो, कुठलं ते सांगत नाही, तिथल्या साहेबांनी मान पण वर केली नाही, सेंट्रल रेल्वे आहे आजोबा, त्यात काय शोधायचं, लिहून द्यायचं असेल तर अर्ज करा. चुकीची मुळी इथंच आहे बघा. आज आपल्या गाडीवर सेंट्रल रेल्वे लिहिलेलं आहे, सेंट्रल म्हणजे पूर्वीची जीआयपी हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेलं आहे, मग दोन्ही जोडून टाकायचं की आपली पण पूर्वी जीआयपी. पोस्टात असं कुणी केलं असतं तर कराडचं पत्र करीमनगरला गेलं असतं.

आता सुरुवातीपासनं सांगतो. १८७६ ते ७८ चा तो मोठा दुष्काळ पडला, दक्षिण महाराष्ट्र आणि खाली कर्नाटकात माणसं मेली, जनावरं मेली, धान्य जिथं होतं तिथनं नव्हतं तिथं न्यायला साधनच नव्हतं, तेव्हा या भागात रेल्वे टाकायचं सरकारनं मनावर घेतलं आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. तिचं मुख्य ऑफिस धारवाडला. तिनं मीटरगेज टाकलं, म्हणजे दोन रुळांच्या मधी बरोबर एक मीटर. जीआयपी मात्र पहिल्यापासनं ब्रॉडगेज, साडेपाच फूट, ती मुंबईहून निघून १८५८ ला पुण्यात पोचलेली होती. पुण्यापासनं मिरज, बेळगाव, लोंढ्यापर्यंतची मीटरगेज सदर्न मराठानं १८९० च्या आसपास पुरी केली. मग १ जानेवारी १९०८ ला तिचं मद्रास रेल्वेशी लग्न लागलं आणि नाव झालं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. बोलताना कोण एवढं म्हणणार, एमएसएम म्हणायचे. आमचे आजोबा तर नुसतं 'येशेम' म्हणायचे, आज येशेम लेट हाय, असं.

कारखाना निघाला १९१६ ला. तेव्हा हुशारी करून कुणी सदर्न मराठा असं लिहिलं तर ते पण अर्धंच बरोबर, लाइन टाकली तिनं, पण कारखान्याच्या काचा वाहिल्या एमएसएमनं.

आता खरी गंमत. लग्न झालं आणि ऑफिस गेलं मद्रासला. पुढं १९४४ ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, १४ एप्रिल १९५१ ला सदर्न रेल्वे झाली, तरी मुख्य ऑफिस मद्रासलाच. २ ऑक्टोबर १९६६ ला साउथ सेंट्रल झाली तेव्हा ते सिकंदराबादला गेलं. आणि २००३ ला पुणे विभाग निघाला तेव्हा कुठं आमची लाइन सेंट्रलकडं आली. म्हणजे बघा, १९०८ ते १९६६, तब्बल ५८ वर्षं आमच्या कराडच्या, रहिमतपूरच्या, ताकारीच्या तिकिटाचा हिशेब शेवटी मद्रासला जात होता, आणि त्यानंतर ३७ वर्षं सिकंदराबादला. जीआयपी तर ५ नोव्हेंबर १९५१ ला सेंट्रलमधी विरून गेली, ते नावच राहिलं नाही. आमची लाइन सेंट्रलच्या घरात नांदायला आली त्यानंतर ५२ वर्षांनी. सासू वारल्यावर ५२ वर्षांनी घरात आलेल्या सुनेला तुम्ही म्हणताय सासूच्या हाताखाली राबली!

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आबा ही नुसती तारखांची माळ झाली, वस्तू दाखवा. पोरगी वकील होणार.

वस्तू दाराशीच होती. आमच्या फाटकाला जुन्या रुळाचा खांब आहे. इकडं त्याचं कुणाला नवल नाही, लाइनीकाठच्या गावांत गोठ्याचे खांब, तारेच्या कुंपणाचे खांब, एखाद्या घराच्या माळवदाखालचं आडवं, सगळीकडं जुना रूळ दिसतो. १९७०-७१ च्या सुमारास मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, हलके रूळ निघाले, भंगारात आले आणि लोकांनी घेतले. पण रुळाला जन्मखूण असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रूळ लाटतानाच त्याच्या पोटाला, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा तळवा यांच्या मधल्या पातळ भागावर, उठावाची अक्षरं येतात, कुणी लाटला, कुठल्या साली, कुठल्या रेल्वेसाठी. आमच्या खांबावर ऑइलपेंटचे थर, दर दिवाळीला एक. दोघांनी मिळून दोन दुपारी घासला, आधी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, मग वायरब्रश, मग चिंचेचं पाणी, हे नातीच्या आजीचं डोकं, तांब्या-पितळेला चालतं मग याला का नाही, म्हणून. चाललं नाही ते सोडा. मग पातळ कागद धरून वर पेन्सिल आडवी फिरवली, आपण लहानपणी नाण्याचा छापा काढायचो तसं. हळूहळू उमटत गेलं. आधी नुसते ठिपके, मग एक 'एस', थोडं पुढं एक 'एम', आणि शेवटी १, ८, ८, आणि चौथा आकडा गंजानं खाल्लेला. नात ओरडलीच. मला पण खरं सांगतो, घशात काहीतरी आलं, ४० वर्षं त्या खांबाला फाटकाची कडी अडकवतोय आणि त्याच्या पोटावर हे लिहिलेलं.

पण खांब सापडला म्हणून केस जिंकली असं नाही. रूळ भंगारातनं कुठनंही कुठं जातो, शंभर मैल लांबचा पण असू शकतो, आणि तो अठराशे ऐंशीच्या दशकातला, कारखान्याच्या तीस वर्षं आधीचा. तो लाइनीबद्दल सांगतो, कारखान्याबद्दल काही सांगत नाही. हे मी नातीला सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. पण शिकायचं तर नीट शिकायला पाहिजे.

मग कागद शोधायला लागलो. आजोबा कारखान्यात पॅकिंगला होते. कंदिलाच्या काचा, बरण्या, लाकडी खोक्यात भाताचा पेंढा घालून बसवायच्या, पेंढा ओला नको, फार वाळका पण नको, वाळका असला की चुरा होतो आणि काच खाली बसते. प्रभाकर कंदील अजून काहींच्या घरी माळ्यावर असेल, त्याच्या काचा तेव्हा घरोघरी होत्या. आमची आजी सांगायची की आजोबा घरी आले की धोतरातनं पेंढ्याच्या काड्या निघायच्या आणि ती त्या चुलीला घालायची. तर त्यांची लोखंडी ट्रंक माळ्यावरनं उतरवली.

इथं पोस्टातलं डोकं कामी आलं. मला माहीत होतं की रेल्वेची भरलेली पावती घरात सापडणार नाही. कारण माल बुक केला की पाठवणाऱ्याला पावती मिळायची, ती तो रजिस्टरनं गिऱ्हाइकाला पाठवायचा, गिऱ्हाईक ती स्टेशनात देऊन मालधक्क्यावरनं खोकी सोडवून घ्यायचा, म्हणजे पावती फिरून परत रेल्वेच्याच पोटात. अशा कितीतरी पावत्यांची पाकिटं आम्ही सॉर्ट केलीत. घरात काय राहतं, तर कोरे फॉर्म. माल बुक करताना भरून द्यायचे ते. तेव्हा कागद महाग, कोरा फॉर्म खराब झाला की बाबू फेकायचा नाही, कुणीतरी घरी आणायचं. आणि तसंच निघालं! ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र, त्याच्याखाली तांबूस पडलेला एक फॉर्म, घडीवर फाटलेला, वर इंग्रजीत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे कंपनी लिमिटेड, खाली कुठून कुठं, मालाचं वर्णन, वजन, आणि एका ओळीत माल रेल्वेच्या जोखमीवर का मालकाच्या जोखमीवर ते. मालकाची जोखीम घेतली की भाडं कमी पडायचं, पण फुटलं तर रेल्वे हात वर करायची. काचवाल्याला हा रोजचाच प्रश्न असणार, भाडं वाचवू का काच. फॉर्मच्या मागं आजोबांच्या हातचा वाण्याचा हिशेब आहे, गूळ, शेंगदाणे, घासलेट, विडी. वर तारीख नाही. पण छापलेल्या नावात कंपनी लिमिटेड आहे, त्यावरनं फॉर्म १९४४ च्या आधी छापलेला एवढं निघतं, कारण त्यानंतर कंपनी राहिलीच नव्हती. वाण्याच्या यादीसाठी जपलेला कागद पुरावा झाला, आजोबांना कळलं असतं तर हसले असते.

लेखातला दुसरा शब्द 'थेट'. थेट कसा जाईल माल? आमची मीटरगेज पुण्यात संपायची, पुढं जीआयपीची ब्रॉडगेज. एक मीटरच्या रुळावरची वॅगन साडेपाच फुटाच्या रुळावर जात नाही हो. पुण्याला सगळा माल एका वॅगनमधनं काढून दुसरीत भरायचा, हमालांच्या पाठीवर. म्हणजे एका खोक्याला कराडला एकदा चढणं, पुण्याला उतरणं, परत चढणं, मुंबईला उतरणं. काचेच्या खोक्याला! आजोबा म्हणायचे, आपण कराडला बाळाला आंघोळ घालून पाठवायचं आणि पुण्याला ते डोक्यावर पडायचं. तेव्हा जीआयपीचा हात लागला हे खरं, नाकारत नाही, पण तो पुण्याच्या पुढं. कारखान्याची रेल्वे कुठली म्हटलं तर ज्या रेल्वेच्या मालधक्क्यावर खोकं पहिल्यांदा ठेवलं ती. नाहीतर मग कलकत्त्याला गेलेल्या कंदिलावरनं ओगलेवाडीला बंगालची रेल्वे होती असं पण लिहिता येईल.

माणसांचं पण तेच होतं बरं का, पुण्याला गाडी बदलायची, वळकटी डोक्यावर घेऊन पळायचं. माझं स्वतःचं लहानपण त्यात गेलंय.

आता 'कृष्णाकाठचा' या शब्दाबद्दल. कुणी हा शब्द वाचून नदीच्या घाटावर कारखाना शोधत फिरेल म्हणून सांगतो, पायरीला पाणी लागेल असा तो नाही, पण नदीचा संबंध आहे आणि तो लेखात आलाय त्यापेक्षा भारी आहे. नकाशा घेऊन बसा. ही रेल्वे पुण्याहून मिरजेपर्यंत येते, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, पण कृष्णा एकदाही ओलांडत नाही. नीरा ओलांडते, येरळा ओलांडते, कृष्णा नाही. सगळा वेळ नदीच्या पूर्वेच्या अंगानं जाते. सातारा आणि कराड ही गावं पश्चिमेच्या काठाला. म्हणून सातारकराला गाडी धरायला माहुलीकडं नदी ओलांडून जावं लागतं आणि कराडकराला कृष्णेचा पूल ओलांडून ओगलेवाडीला. गाव अलीकडं, स्टेशन पलीकडं. आता मोठा पूल टाकायचा खर्च कुठल्या कंपनीला नको असतो, तेव्हा नदीनं रेल्वेला पलीकडं ठेवलं, आणि कारखान्यानं रेल्वेला धरून बस्तान मांडलं, असा माझा तरी हिशेब आहे. शहराजवळ जागा बघायची सोडून नदीपल्याडच्या माळावर कोण कशाला जाईल? सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशात हे एका नजरेत दिसतं, कराडचा शीट नंबर ४७ के/३, आणि त्यात ब्रॉडगेजची खूण वेगळी, बाकी गेजची वेगळी, म्हणजे गेजचा वाद पण तिथल्या तिथं मिटतो. नातीला तो नकाशा फार आवडला, तिनं पुढचे शीट जोडून त्यावरनं बोट फिरवत फिरवत मिरजेपर्यंत जाऊन नदी खरंच कुठं आडवी येते का बघितलं. नाही आली.

हाच प्रकार किर्लोस्करवाडीचा. तिथं तर गोष्ट अजून स्वच्छ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावला, तिथली जागा सोडायची वेळ आली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळ दिला, ३२ एकर, निवडुंग आणि नागसाप, आणि १९१० ला वाडी वसली. शाळेत सगळ्यांना हे शिकवतात. पण बेळगाव आणि तो माळ दोन्ही एकाच रेल्वेवर आहेत हे कुणी सांगत नाही. माळाला लागून कुंडल रोड नावाचं स्टेशन, तेच पुढं किर्लोस्करवाडी झालं. बेळगावहून वॅगनमधी चढवलेलं सामान मिरजेवरनं सरळ कुंडल रोडला उतरवता येत होतं, गेज बदलणं नाही, कंपनी बदलणं नाही. पंतप्रतिनिधींच्या मोठ्या मनाला माझा दंडवत, ओगल्यांना पण त्यांचाच आधार होता, पण मोठं मन आणि जवळ स्टेशन अशा दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून नांगर देशभर गेले. माळ जर पंचवीस मैल आत असता तर बैलगाडीनं किती ओतीव लोखंड वाहिलं असतं?

अण्णांच्या बार्शी लाईटचं पण सांगतो, नाहीतर ते रुसतील. त्यांच्या आजीनं बघितली ती गाडी खरी होती, पण ती मिरजेला. बार्शी लाईट रेल्वे ही तिसरीच कंपनी, तिचा रूळ अडीच फुटाचा, बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडीकडनं १८९७ ला सुरू झाली, पंढरपूरला १९०६ ला आणि मिरजेला १९२७ ला पोचली. वारकऱ्यांची गाडी. मिरजेत नंतर ब्रॉडगेज आल्यावर मीटरगेज, ब्रॉडगेज, नॅरोगेज तिन्ही एकाच स्टेशनात होती, लांबलांबनं लोक बघायला यायचे. पण कराडच्या बाजूला तिचं चाक कधी आलं नाही. आणि मिरजेहून कोल्हापूरची लाइन १८९१ ची, ती मालकीनं कोल्हापूर दरबारची आणि चालवायची सदर्न मराठा. म्हणजे गाडीवरचं नाव एकाचं आणि रूळ दुसऱ्याच्या खर्चाचा, असं पण असतं. जुन्या कारखान्याची रेल्वे शोधणाऱ्यानं मालक कोण आणि चालवणारा कोण हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले नाहीत तर तो हमखास फसतो.

अजून एक आठवलं. ७ जून १९४३ ला शेणोलीला प्रतिसरकारच्या मंडळींनी पगाराची रेल्वे लुटली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांची तुफान सेना. आमच्या भागात लहान पोराला पण ही गोष्ट माहीत असते. पण परवा एका कार्यक्रमात वक्त्यांनी भाषणात सांगितलं की क्रांतिकारकांनी जीआयपीची गाडी लुटली. अहो शेणोली कराडच्या पुढचं स्टेशन! १९४३ म्हणजे अजून कंपनी होती, सरकारनं घ्यायला एक वर्ष बाकी. ती एमएसएमची लाइन. लुटणाऱ्यांना कुणाला लुटतोय ते नीट माहीत होतं, भाषण करणाऱ्यांना नाही. मी मागच्या रांगेतनं हात वर केला होता, पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं.

आणि ज्यांना जुनं काहीच पटत नाही त्यांच्यासाठी नवा पुरावा, मोबाईलमधी आहे. आपली कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेस, नंबर १७४११ आणि १७४१२. यातला दुसरा आकडा ७. सेंट्रलच्या गाडीला तिथं १ असायला पाहिजे, जसा कोयनेला आहे, ११०२९ आणि ११०३०. सात आकडा साउथ सेंट्रलकडचा. लाइन सेंट्रलकडं आली तरी महालक्ष्मीच्या कपाळावरचं माहेरचं कुंकू पुढं कितीतरी वर्षं पुसलं गेलं नाही. तिकीट काढताना हजारो लोकांनी हा नंबर टाइप केलाय. टपरीवर हे सांगितलं तेव्हा तात्या पहिल्यांदा गप्प बसले, मग म्हणाले, हां, म्हणजे मी म्हणत होतो तसंच, जीआयपी नव्हती.

तर साहेब, माझी मागणी एवढीच आहे की येत्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापावी. वाक्य पण तयार करून देतो, तुम्हाला तेवढाच त्रास कमी: ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल कराड स्टेशनातून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या मीटरगेजनं पुण्याला जाई आणि तिथं वॅगन बदलून जीआयपीनं मुंबईला जाई. फॉर्मचा आणि खांबाच्या छाप्याचा फोटो सोबत पाठवतोय. फॉर्मची मागची बाजू छापली तरी चालेल, फक्त विडीची ओळ झाका, आमच्या घरात अजून त्यावरनं बोलणी बसतात.

नातीनं चार्टवरचं जीआयपी खोडरबरानं खोडायचा प्रयत्न केला, स्केचपेन कुठं खोडलं जातंय, कागद फाटला. आता तिथं पेन्सिलीचा छापा चिकटवायचं ठरलंय आणि इंजिन काळं रंगवून झालंय. चार्ट शनिवारी जमा करायचाय, तुमची दुरुस्ती शुक्रवारपर्यंत आली तर तिचं कात्रण पण खालच्या कोपऱ्यात बसेल, तेवढी जागा तिनं मोकळी ठेवलीय.

आपला,
पोस्टातनं रिटायर झालेला एक वाचक,
ओगलेवाडी, ता. कराड, जि. सातारा